गंधकाची हळद

रंभाबाईच्या पोरीचं लगीन जमलं आणि हसून हसून सगळ्या ढिवरटोलीची पोटं दुखली. पोरगी गुडघ्याएवढी, उभी फुटक्या नांदेत, आणि जातीची चिंच. नवरदेव म्हणजे गुणवंतराव पाटलांच्या मळ्यातला आंबा. आता अशा लग्नाला हसू नये तर काय रडावं? पण रंभाबाईला हसायला फुरसत नव्हती. ती अंगण सारवत होती, आणि मांडवाला जांभळीचे डहाळे कुठून आणायचे यावरून नवऱ्याचं डोकं खात होती.

ही पोरगी आली कुठून ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल बुवानं थाप मारली. ब्रह्मपुरीकडच्या एका तलावाच्या काठी डोमा ढिवराचं घर. डोमा जाळं टाके, रंभा मासळी विके. सुताचं जाळं सतत पाण्यात राहिलं की त्याला बुरशी धरते आणि ते कुजतं. म्हणून ढिवर लोक येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाची साल उकळून त्या लाल काढ्यात जाळं बुडवतात. त्यासाठी डोमाकडे एक मातीची नांद होती. ती एकदा फुटली, तिचं बूड तेवढं अंगणाच्या कडेला राहिलं. त्यात माती साचली, कुणीतरी चिंच खाऊन चिंचोका थुंकला, आणि तो उगवला. शेजारच्या मंगलीची बकरी दरसाल त्याचा शेंडा खाई. नांदेत मुळांना पाय पसरायला जागा नाही. झाड वाढेना, पण मरेही ना. खोड मनगटाएवढं जाड झालं, फांद्या थोरामोठ्यांच्या झाडासारख्या ऐसपैस झाल्या, उंची मात्र गुडघ्यापाशीच अडली. एकदा जंगल खात्याचा कुणी साहेब पाणी प्यायला थांबला, तो बघतच राहिला. जपानात म्हणे लोक मोठ्या मेहनतीनं झाडं अशी बुटकी ठेवतात. रंभानं त्याला सांगितलं की आमच्याकडे हे काम बकरी करते.

रंभाला मूलबाळ नव्हतं. नवस झाले, उपास झाले, मार्कंड्याची जत्रा दरसाल झाली, आणि मग केस पिकले. टोलीत कुणाचंही लगीन असो, रंभा राबायला सगळ्यांच्या पुढे. तांदूळ निवडणार, पत्रावळी लावणार, वऱ्हाडाला पाणी देणार. पण नवरीला हळद लावायची वेळ आली की लेकुरवाळ्या बायकांना हाक जाई, आणि रंभा चुलीवरचं बघते म्हणून उठे. तिला कुणी ऊठ म्हणत नसे. तशी वेळच ती येऊ देत नसे. चुलीपाशी बसून ती बाहेरची हळदीची गाणी ऐके, आणि तिला फार वाईट वाटे. घरी आली की चिंचेशी बोले. तिचं नाव तिनं चिंची ठेवलं होतं, पोळ्याला तिला लाल दोरा बांधे, आणि डोमाला यात काही वावगं वाटत नसे, कारण जाळं विणता विणता तोही तिच्याशी बोले.

आता पाटलांची अडचण ऐका. त्यांच्या मळ्यातल्या आंब्याला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. आणि आपल्याकडचा जुना रिवाज असा की लावलेल्या आंब्याचं चिंचेशी लगीन लागल्याबिगर लावणाऱ्याच्या घरच्यांनी त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. मळ्यात पूर्वी एक चिंच होती, पण तिच्यावर भूत आहे म्हणून गुणवंतरावांच्या वडिलांनी ती तोडून टाकली होती. गावात चिंचा होत्या, पण त्या गावात. नवरदेव जागचा हलणार नाही, नवरी जागची हलणार नाही, मग लगीन लागणार कसं? चिंच नसली तर मोगरा चालतो म्हणतात, पण ते आपलं दुधाची तहान ताकावर. अशा पेचात गुणवंतरावांना डोमाच्या अंगणातली नांद आठवली. उचलून नेता येईल अशी नवरी अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच होती.

पाटील आले ते दिवसभरासाठी नांद मागायला. रंभानं डोक्यावर पदर घेतला, त्यांना खाटेवर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि मग म्हणाली, ‘‘पाटील, नांद मांगाले आले असान त नांद रिकामी नाई. पोरीले मागनी घालाले आले असान, त रीतीनं तिच्या बापाले इचारा.’’

गुणवंतराव मोठे हसरे गृहस्थ. त्यांनी फेटा सारखा केला आणि दाराशी जाळं सांधत बसलेल्या डोमाला रीतसर विचारलं. डोमानं थोडे आढेवेढे घेतले, पोरगी लाडाची आहे म्हणाला, मग हो म्हणाला. अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरला. मांडव आणि हळद पोरीच्या दारी, लगीन मळ्यात.

पाटलांच्या घरी मात्र हे ऐकून त्यांच्या आईनं, रुखमाबाईनं, कपाळाला हात लावला. ढिवराच्या घरची सून करायची म्हणजे काय? गुणवंतराव म्हणाले, चिंचेला कसली जात, आई? रुखमाबाई म्हणाली, चिंचेला नसेल, तिच्या आईबापाला आहे. झाड आणा, पण व्याही-विहीण असलं नातं मी जोडणार नाही. आणि पोरगी आधी मी बघणार. ती आली, नांदेभोवती फिरली, पानं उलटून पाहिली, खोडावर टिचकी मारली, आणि ‘‘ढिवरीन, पोरगी बरी हाय’’ एवढंच बोलून गेली. रंभाला त्यातला ढिवरीण शब्द बोचला, पण पोरगी पसंत पडल्याच्या आनंदात तिनं तो गिळला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो रंभानंच. लगीन ठरलेली पोरगी उन्हातान्हात उभी राहते का? रंग काळवंडतो, कुणाची नजर लागते, लोक नावं ठेवतात. म्हणून रंभानं नांद उचलवली आणि घरात धानाच्या ढोलीमागे, जिथं दिवसाही दिवा लागावा अशा कोपऱ्यात नेऊन ठेवली. वरून ओलं फडकं पांघरलं. जन्मभर वाऱ्याउन्हात वाढलेली पोर ती, अशी कोंडली गेली. शहाण्यानं असं केलं नसतं, पण ज्याला पहिल्यांदाच पोरीचं लगीन करायचं आहे तो कुठे शहाणा असतो?

काही दिवसांनी रंभानं फडकं काढलं तर पानापानावर पांढुरकी झाक. तिनं पानं दारातल्या उजेडात धरली आणि तिचा आनंद गगनात मावेना. पोरगी गोरी होऊन राह्यली. तिनं मंगलीला बोलावून दाखवलं. मंगली म्हणाली, खरंच व बाई, माह्या पोरीले तर हळद लावून लावून एवढा रंग चढला नव्हता. टोलीतल्या बायका येऊन गोरी नवरी बघून गेल्या. डोमा तेवढा पान चोळून बोटाकडे बघत राहिला, पण लग्नघरात बापाला कोण विचारतं.

मग पानं आकसली, वाकडी झाली, गळू लागली. आणि नेमकी त्याच दिवशी रुखमाबाई नवरीला खण द्यायला आली. तिनं पानावरून बोट फिरवलं, बोटाला पिठासारखी भुकटी लागली. तिनं ते बोट रंभाच्या नाकासमोर धरलं.

‘‘ढिवरीन, तुह्या पोरीले कोड हाय.’’

कोडाची पोरगी पाटलाच्या घरी द्यायला निघालीस, वर मांडव घालतेस, असं बरंच काही रुखमाबाई बोलली. शेवटी तिनं बजावून सांगितलं की अक्षय तृतीयेला नवरीचं अंग स्वच्छ दिसलं तर ठीक, नाहीतर ब्रह्मपुरीहून मोगऱ्याची कुंडी आणली आहे, तिच्याशी लगीन लावून मोकळे होऊ. खण परत घेऊन ती निघून गेली. रंभा ढोलीला टेकून खाली बसली. मासळीचा बाजार बुडाला असता, घराचं छप्पर उडालं असतं, तरी तिला एवढं लागलं नसतं. आयुष्यात एकदा नवरीची आई व्हायची वेळ आली होती, आणि तीही हातची जात होती.

बायकोचं तोंड बघून डोमाला राहवेना. त्यानं एवढी वर्षं जाळी राखली होती. पांढरी बुरशी त्याच्या ओळखीची होती, आणि तिच्यावरचा उपायही. त्यानं कुणाला न विचारता येनाची साल आणली, मोठ्या भांड्यात उकळली, काढा कोमट होऊ दिला. मग नांद उचलून कवेत घेतली, उलटी केली, आणि चिंचीला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत त्या लाल काढ्यात बुचकळून काढलं. एकदा नाही, जाळ्याला जितक्यांदा बुडवतात तितक्यांदा. काढली तेव्हा ती अशी लालभडक दिसत होती की डोमा खूश होऊन बायकोला हाका मारू लागला. त्याला वाटलं, आता हिला दहा पावसाळे बुरशी धरत नाही.

जाळ्याला पानं नसतात, ही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. दुसऱ्या दिवशी पानं तपकिरी झाली, तिसऱ्या दिवशी झडली. उरल्या नुसत्या लाल काड्या. मांडवाच्या दारात बोडकी नवरी. रंभा तोंडात पदर कोंबून रडली, आणि मग तिनं डोमाशी अबोला धरला. ताटात भात वाढी, मरळीचा रस्सा वाढी, पण शब्द वाढत नसे. बिचारा डोमा मान खाली घालून जेवे आणि तलावावर जाई. माशांना त्याच्या घरातलं काही माहीत नव्हतं, तेवढाच त्याला आधार.

त्या सुमाराला गावोगाव ग्रामसेवक नावाची नवी मंडळी सायकलीवरून फिरू लागली होती. आमच्याकडच्या ग्रामसेवकाचं नाव देवाजी. जपानी पद्धतीनं धान कसं लावायचं हे तो सांगत फिरे, लोक माना डोलावत आणि आपल्याच पद्धतीनं लावत. मंगलीनं त्याला रस्त्यात गाठून डोमाच्या घरी आणलं. चिंचेचं लगीन, कोड, काढ्यातली आंघोळ, सगळं ऐकता ऐकता देवाजीला असं हसू लोटलं की त्यानं सायकल धरली म्हणून तो पडला नाही. मग त्याचं लक्ष रंभाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू ओसरलं. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि उकिडवा बसून झाड बघायला घेतलं.

रंभानं त्याला एकच विचारलं. ‘‘जित्ती हाय का?’’

देवाजीनं नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आतून हिरवीगार निघाली. रंभा ते हिरवं बघत राहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग देवाजीनं समजावलं. हे कोड नाही, ही भुरी, बुरशीचा रोग. पानावर बसतो, पानाचा रस खातो. अंधारात, कोंदट जागी, वारा नसला की याचं फावतं. तुम्ही पोरीला कोंडलंत आणि रोगाला पाहुणा म्हणून बोलावलंत. डोमाभाऊंनी जे केलं ते कुणी करू नये, पण काढा मुळांना लागला नाही आणि रोगट पानं सगळी झडून गेली, हे एका परीनं बरंच झालं. आता झडलेली पानं गोळा करून जाळा. झाड उघड्यावर, उन्हावाऱ्यात ठेवा. पाणी बुडाशी घाला, अंगावर नको. आणि बारीक गंधक पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून फांद्यांवर हलकं झटका, नवी पालवी दिसली की तिच्यावरही. सकाळी, ऊन चढायच्या आधी, नाहीतर गंधकानं कोवळी पानं करपतात. रोज नाही, मधे दिवस जाऊ द्यायचे.

ज्वारीच्या बियाण्याला चोळायला गुणवंतरावांकडे गंधक असे. ते त्यांनी आईच्या नकळत पुडीत बांधून पाठवलं, कारण खरं सांगायचं तर त्यांना हे लगीन हवंच होतं. मोगऱ्याशी लावलेल्या लग्नात कसली मजा? रंभानं पुडी उघडली. आत पिवळीजर्द भुकटी. तिनं चिमूट उचलली, बोटावर चोळली, उन्हात धरून पाहिली, आणि एकदम उठून उभी राहिली. इतक्या दिवसांनी तिनं डोमाला हाक मारली.

‘‘आयकलं का, टोलीत सांगून या. उद्या सकाळी माह्या पोरीची हळद हाय.’’

डोमाला हळदीपेक्षा हाकेचाच आनंद झाला. तो धावतच सुटला.

सकाळी ऊन तोंडाशी यायच्या आधी अंगणात सगळी टोली हजर. बोडकी नवरी चौरंगावर. बायकांनी गाणं धरलं, एकानं डफ आणला. रिवाजाप्रमाणे पहिली हळद लेकुरवाळीनं लावायची. मंगली सहा लेकरांची आई, तिच्याइतका मान कुणाचा? ती सवयीनं पुढं झाली आणि तिनं पुरचुंडीसाठी हात पुढं केला. रंभानं पुरचुंडी दिली नाही. ती घट्ट धरून म्हणाली, ‘‘आज नाई, मंगली. आई मी हाव. पयली हळद माही.’’

डफ थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मंगलीचा हात तसाच पुढं राहिला. तिला आठवलं असेल, किती लग्नांत रंभा चुलीपाशी जाऊन बसली होती ते. तिनं हात मागं घेतला, पदरानं डोळे पुसले, आणि मोठ्यानं गाणं उचललं. बाकीच्यांनी तिच्यामागे उचललं. रंभानं पुरचुंडी झटकली. पिवळी भुकटी लाल फांद्यांवर उतरली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला हळद लावत होती.

यापुढं जे झालं त्याला रीत म्हणत नाहीत. पुरचुंडी हातोहात फिरली, वारा सुटला, आणि गंधक नवरीपेक्षा वऱ्हाडालाच जास्त लागलं. सगळं अंगण काडेपेटीसारखं वास मारू लागलं. शिंका सुरू झाल्या. गाणाऱ्या बायका कडव्याच्या मधेच शिंकत, डफवाला तालात शिंके. डोमाच्या मिशा पिवळ्या झाल्या. देवाजी हातवारे करत ओरडत होता की हलकं झटका, हलकं, आणि त्याचा पांढरा सदरा कुणीतरी पिवळा करून सोडला. मंगलीची बकरी मांडवाचे जांभळीचे डहाळे खायला घुसली ती पिवळी होऊन पळाली, आणि त्या दिवशी ती चौकात फिरताना बघून म्हाताऱ्या इसरूनं देवाला सोडलेली समजून तिला नमस्कार केला. हसता हसता लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. थोडं गंधकानंही येत असेल.

रंभानं त्या दिवशी हात धुतले नाहीत. भातसुद्धा चमच्यानं कालवून खाल्ला.

चिंचीला अशी हळद पुन्हापुन्हा लागली. मधे दिवस जाऊ देत, पण दर वेळी गाणं, दर वेळी शिंका. राजाच्या पोरीला एवढी हळद लागली नसेल. आणि रंभा रोज पहाटे उठून आधी फांद्या बघे. काही नाही. परत बघे. काही नाही. तिकडून बातमी आली की पाटलांच्या मळ्यातला मोगरा कळ्यांनी लगडला आहे. तिला त्या मोगऱ्याचा असा राग आला की बाजारात कुणाच्या केसात गजरा माळलेला दिसला तरी ती त्या बाईला मासळी कमी तोलू लागली.

मग अक्षय तृतीयेच्या थोडं आधी, एका सकाळी, फांदीच्या पेरापेरावर मोहरीएवढे दाणे दिसले. लालसर. रंभानं डोळे चोळले. दुपारपर्यंत ते फुगले, दुसऱ्या दिवशी फुटले, आणि आतून तांदळाच्या कण्यांएवढी पोपटी पानं बाहेर आली. रंभा अंगणात एकटीच फुगडी खेळल्यासारखी गरगर फिरली. डोमा जाळं टाकून धावत आला, त्यालाही तिनं हात धरून फिरवलं. दोघं म्हातारी चक्कर येऊन खाली बसली आणि हसत राहिली.

लग्नाच्या दिवशी बंडी सजली. बैलांच्या शिंगांना फुलं, बंडीत नांद, नांदेत लाल खणाआड नवरी, आणि नवरीच्या मागे नांद धरून बसलेली रंभा, रस्त्यात खड्डा आला की गाडीवानाला शिव्या देणारी. मळ्यात आंब्याला बाशिंग बांधलं होतं. फळांनी लवलेला नवरदेव जरा थोराड दिसत होता, पण तब्येतीनं चांगला. बाजूला मोगऱ्याची कुंडी, नटूनथटून, बोलावणं येण्याची वाट बघत.

रुखमाबाई पुढं आली. म्हणाली, आधी तोंड दाखवा. रंभानं खण काढला. सगळी पानं कोवळी, एवढीएवढी, उन्हात आरपार दिसणारी. रुखमाबाईनं वाकून पानं उलटून पाहिली. मग त्यांवरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटावर काही नव्हतं. रुखमाबाईनं दुसरी फांदी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या पाहिल्या. मग कमरेला खोचलेला तोच परत नेलेला खण काढला आणि चिंचीच्या बुंध्याशी ठेवला.

‘‘लावा लगीन,’’ ती म्हणाली.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, तांदूळ उडाले. चिंचीच्या खोडाला डोरलं बांधलं. मोगरा एवढा सजून आला होता, त्याला हिरमुसला परत कशाला पाठवायचा, म्हणून गुणवंतरावांनी त्याला करवली करून टाकलं. रंभा सगळ्यांचे नमस्कार घेत मिरवत होती. आणि मग तिची नजर आंब्यापलीकडे गेली. तिथं गड्यानं खड्डा खणून ठेवला होता.

तिनं विचारलं, हा कायचा गड्डा? गुणवंतराव म्हणाले, रंभाबाई, सून सासरीच राहणार ना.

एवढी साधी गोष्ट, पण लग्नाच्या घाईत ती रंभाच्या मनातच आली नव्हती. पोरीचं लगीन म्हणजे मांडव, हळद, मान, हे सगळं तिला ठाऊक होतं. पोर जाते हे ती विसरली होती. डोमानं दगडानं नांद हलक्या हातानं फोडली. खापऱ्या बाजूला झाल्या तरी मुळं तशीच उभी राहिली, त्यांनी नांदेचाच आकार धरला होता. रंभानं दोन्ही हातांनी पोर उचलली आणि खड्ड्यात ठेवली, आणि मग ती हंबरडा फोडून रडली. त्या वेळी मळ्यात कुणी हसलं नाही. ज्यांनी पोरी दिल्या होत्या त्या सगळ्या बाया रडल्या.

लगीन लागलं, आता आंबा खायला मोकळीक. पाडाची पहिली फळं उतरवली, फोडी केल्या, सगळ्या गावाला वाटल्या. गुणवंतरावांनी पहिली फोड रंभापुढं धरली. तिनं डोळे पुसले, ताठ झाली, आणि मान हलवली.

‘‘नाई पाटील. पोरीच्या घरचं आमी खात नसतो. नातवंड होईस्तोवर पानीबी नाई.’’

रीतच ती. पोरीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं अन्न घेत नाहीत. तिला कोण काय बोलणार? डोमाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण त्यानंही हात जोडले. दोघं तशीच उपाशी बंडीत बसून परत गेली.

नंतर दरसाल पाटलांच्या घरून आंब्यांची टोपली येई आणि दरसाल रंभा ती दारातूनच परत पाठवी. घरभर वास मागे राही, डोमा सुस्कारा टाके. पोरीला भेटायला मात्र ती आठवड्याच्या बाजाराला जाताना वाट वाकडी करून जाई, कनवटीला गंधकाची पुरचुंडी घेऊन. पानं उलटून बघे, बोट फिरवी, सासरी पोरीची आबाळ होत नाही ना याची खात्री करी. रुखमाबाई मळ्यातल्या ओट्यावरून बघे. बोलत नसे. पण चिंचीच्या बुडाशी आळं कुणी केलं, बकऱ्यांसाठी काटेरी कुंपण कुणी घातलं, हे रंभानं विचारलं नाही आणि रुखमाबाईनं सांगितलं नाही. मोकळ्या जमिनीत चिंची सुटली, रंभाच्या डोक्याच्या वर गेली, पाटलांच्या फेट्याच्याही वर गेली. एका वर्षी तिला फुलं आली. रंभानं ती पाहिली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी पहिल्या महिन्यांत बोलून दाखवत नाहीत. फुलं गळाली, एक राहिलं, त्याची एक चिंच झाली. आकड्यासारखी वाकडी, फांदीच्या आत लपलेली. ती वाळली तरी कुणी तोडली नाही. मळ्यात कुणी हात लावायचा नाही असा रुखमाबाईचा हुकूम होता म्हणे.

त्या वर्षी आंबे उतरले तेव्हा ढिवरटोलीत एक अजब झालं. जिनं उभ्या आयुष्यात टोलीच्या वाटेवर एकदा नवरी बघायला आणि एकदा खण द्यायलाच काय तो पाय ठेवला होता, ती रुखमाबाई काठी टेकत, डोक्यावर टोपली घेऊन स्वतः आली. मदतीला गडीही नाही. बायका दारांत उभ्या राहिल्या. ती रंभाच्या अंगणात आली, टोपली खाली ठेवली, दम खात उभी राहिली. टोपलीत पिवळे आंबे, आणि त्यांच्यावर हळदकुंकू लावलेली ती एकुलती एक वाकडी चिंच.

‘‘विहीनबाई,’’ रुखमाबाई म्हणाली, ‘‘नात झाली. आता त खा.’’

रंभानं आधी चिंच उचलून कपाळाला लावली. मग डोमाकडं पाहिलं. तो जाळं टाकून केव्हाच टोपलीपाशी येऊन बसला होता. मग तिनं आंबा घेतला, माचोळला, देठ तोडला, आणि तिथंच अंगणात उभ्या उभ्या चोखायला लागली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ती रडत होती, हसत होती, कोय सोडत नव्हती. रुखमाबाई तिच्या तोंडाकडं बघत, जवाई कसा निघाला हे ऐकायला थांबली होती.

रंभानं कोय चाटूनपुसून साफ केली आणि पदरानं तोंड पुसलं.

‘‘जरा आंबट हाय, विहीनबाई,’’ ती म्हणाली, ‘‘पन चालते. पोरगी खूश हाय ना.’’ आणि तिनं दुसरा आंबा उचलला.